भरलं की सांगायचं

“वहिनी, त्यांना म्हणावं नळी बसली. ओता म्हणावं.”

बाळासाहेब गाडीच्या पोटाखाली उताणा पडून बोलत होता. ‘ते’ म्हणजे त्याचे थोरले भाऊ, गेणूभाऊ. बॉनेट उघडून, नळीच्या वरच्या टोकाला नरसाळं लावून ते हातभर अंतरावर उभे होते आणि त्यांना सगळं ऐकू जात होतं. तरी भागूवहिनी नवऱ्याकडं वळल्या.

“अवं, भावजी म्हणत्यात, ओता.”

“त्याला इचार, खालच्या बोल्टाचा वायसर बदलला का?”

“भावजी, वायसर...”

“बदलला म्हणावं.”

आणे गावच्या एका साखरपुड्यापासून हे असंच चाललं होतं. तिथं गाडी मागं घेताना गेणूभाऊंनी मांडवाचा खांब पाडला, आणि बाळासाहेब चारचौघांत बोलून गेला, “आमच्या दादाला गिअर म्हंजी बैलाचा कासरा वाटतो. वढला की झालं!” पाहुणे पोट धरधरून हसले. गेणूभाऊ हसले नाहीत. तिथून पुढं त्यांनी धाकट्याशी बोलणंच टाकलं. आपली जीभ सैल सुटली हे बाळासाहेबाला पिंपळवंडीला घरी पोचायच्या आतच कळलं होतं. पण त्यानं मनाशी म्हटलं, दादा थोरला आहे, आज ना उद्या तोच बोलेल. तो उद्या काही उजाडला नाही.

मग वाटण्या झाल्या. रान वाटलं, म्हशी वाटल्या, विहिरीच्या पाळ्या ठरल्या. गाडी तेवढी मधोमध कापता येईना. ती सामाईकच राहिली. एक आठवडा याची, एक आठवडा त्यांची. अलीकडं तिचा दुसरा गिअर टाकताना खर्रर्र आवाज यायला लागला, तेव्हा दोघांनीही वहिनींजवळ एकमेकांचं नाव घेतलं. नारायणगावच्या मेकॅनिककडं न्यावी, तर नेणारा तिथं आपलीच बाजू सांगणार. शेवटी वहिनींनीच निकाल दिला, “गिअरचं तेल घरीच बदला, दोघं मिळून. मी हाय मधी.”

त्याप्रमाणं गाडी सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढली. काकवीसारखं काळं तेल घमेल्यात उतरलं, खालचा बोल्ट परत आवळला गेला. आता बाजूच्या भोकातनं नवं तेल भरायचं होतं. त्याला मापाची काडी नसते. भोकातनं तेल परत बाहेर यायला लागलं की भरलं समजायचं. खालच्यानं सांगायचं आणि वरच्यानं थांबायचं.

गेणूभाऊ ओतू लागले. त्यांचं ओतणं बारीक धारेचं. तेल म्हटलं की त्यांचा जीव अडकायचा. खायच्या तेलाची रिकामी पिशवीसुद्धा ते कापून कढईवर उपडी टांगून ठेवत. एक डबा संपला. त्यांनी तो बराच वेळ उलटा धरला, निथळला, मग दुसरा उघडला.

तेवढ्यात मळ्याकडच्या खांबावरचा दिवा लागला.

“अगं बया, लाईट आली! मोटर!” असं म्हणत वहिनी पदर खोचून विहिरीकडं पळाल्या. त्या गेल्या त्या गेल्याच.

बाळासाहेबाच्या बोटाला काहीतरी गार लागलं. भोकातनं तेल बाहेर आलं होतं. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. सांगायचं कुणाला? वहिनी तर नव्हत्या.

तो खाकरला. धार चालूच राहिली. त्यानं मोकळ्या हातानं पान्हा उचलून पत्र्यावर ठोकला. वरनं फक्त डबा निथळल्याचे थेंब ऐकू आले. चला, संपला एकदाचा, असं त्याला वाटलं न वाटलं तोच वर आणखी एक झाकण कट्कन उघडलं.

आता तेल मनगटावरनं कोपराकडं आणि तिथनं बगलेत निघालं. नळी सोडावी तर सगळी धार थोबाडावर. त्यानं मान वळवली, तर ते कानात शिरलं. बगलेत गुदगुल्या होऊन त्याला हसू फुटायला लागलं, आणि हसायला तोंड उघडावं तर मिशीवरचं तेल आत यायला टपलेलंच. त्याला वहिनींचा राग आला, महावितरणचा राग आला, स्वतःचा तर सगळ्यात जास्त आला. दादाला एवढंही कळू नये? की गिअरबॉक्स म्हणजे याला विहीर वाटते? हे त्याच्या अगदी ओठावर आलं, आणि आण्याचा मांडव आठवून त्यानं ते गिळलं. गिळताना तेलाचा थेंबही गेला. घाणेरडा, जळका वास घशापर्यंत चढला.

“दादा! आरं पुरं की! दादा!”

धार तिथल्या तिथं थांबली.

वर डबा ठेवल्याचा आवाज झाला. गुडघे कडकड वाजले. टोपी हातात धरून वाकलेल्या गेणूभाऊंचं तोंड बंपरखालून उलटं दिसू लागलं. बाळासाहेबाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते तेलानं आलं होतं, असं नंतर त्यानं वहिनींना सांगितलं.

“आरं, भरून वाहाया लागलंय कवाचं,” तो फुरफुरत म्हणाला. “तुला वरनं दिसलं न्हाई व्हय?”

“दिसलं की,” गेणूभाऊ म्हणाले. “चपला भिजल्यात माझ्या. म्हटलं बघू, किती तेलात हाक मारतोय.”