अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा

“‘बेटर लेट दॅन नेव्हर.’ म्हणजे कधीच न करण्यापेक्षा उशिरा केलेलं बरं. वाक्यात उपयोग करा,” ज्येष्ठांच्या इंग्रजी वर्गात मी एवढंच म्हणाले होते.

विधुर सबनीसकाका ताडकन उठले. “माझं नि खांबेटेबाईंचं लग्न. बेटर लेट दॅन नेव्हर!”

खिडकीकडच्या बायकांच्या बाकांवर खसखस पिकली. तिथेच बसलेल्या, आजवर लग्न न केलेल्या खांबेटेबाईंनी सावकाश चष्मा पुसला. “लुक बिफोर यू लीप. उडी मारण्याआधी नीट बघावं, सबनीस.”

“जूनपासून बघतोच आहे की! नाहीतर माझं इंग्रजी अजून इतकं कच्चं राहिलं असतं का?”

भिंतीकडच्या पुरुषांनी बाक बडवले. मलाही हसू आवरेना, पण वर्ग हातचा चालला होता. “शांत बसा! पुढची म्हण. ‘अ‍ॅक्शन्स स्पीक लाउडर दॅन वर्ड्‌स.’ खांबेटेबाई, अर्थ सांगा.”

बाई उठल्या. “ही म्हण तोंडानं सांगायची नसते, मॅडम.”

त्यांनी पर्स घेतली, पाण्याची बाटली घेतली, मधली वाट ओलांडली आणि काकांच्या बाकाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“अहो, सरका जरा.”