पांढरी चिमूट

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट छोटी आहे, चिमटीत मावेल एवढीच. पण गळ्याखाली उतरायला जड आहे.

अण्णांच्या नातीच्या कृत्रिम गुडघ्याची स्प्रिंग आज पुन्हा तुटली. नात शाळेच्या जिन्यावरून गडगडत खाली आली, कपाळाला टाके पडले. तिचा बाप, म्हणजे अण्णांचा मुलगा, स्प्रिंगचे दोन तुकडे घेऊन अण्णांच्या खाटेपाशी उभा राहिला.

अण्णा कृत्रिम पाय बनवायचे. त्यांच्या गुडघ्याला तोड नव्हती. माणूस त्यावर जिने चढायचा, सायकल हाणायचा. सगळी करामत आतल्या स्प्रिंगची. तापलेलं पोलाद तेलात बुडवण्याआधी अण्णा डोळे मिटून देवाचं नाव घ्यायचे आणि डबीतली पांढरी पूड चिमूटभर तेलात सोडायचे. बघणाऱ्यांचे डोळे त्या डबीला चिकटायचे. मग अण्णा सगळ्यांना बाहेर काढायचे, पोटच्या मुलालासुद्धा, आणि आतून कडी घालायचे.

इस्पितळातली इंजिनिअर बाई किती खेपा घालून गेली! "अण्णा, पेटंट घेऊ या. कृती उघड मांडायची. त्याबदल्यात काही वर्षं तुमच्या परवानगीशिवाय कुणी हात लावायचा नाही. तुम्ही परवानगी द्याल तिथं गुडघे बनतील. एखादा त्यात भरही घालेल. मुदत सरली की मग सगळ्यांचंच."

"म्हणजे घराची किल्ली चोराला द्यायची, वर त्याच्याकडून पावती घ्यायची?" अण्णा हसले. "नाही."

"अहो, तुमच्यामागं काय?"

"मुलगा आहे की."

"त्याला तरी सांगितलंय?"

"त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. वेळ आली की सांगेन."

वेळ आली, ती झटका घेऊनच. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात खुणा करायचा, त्याही भरकटायच्या. तोंडात शब्द उरला एकच. जन्मभर 'नाही' म्हणणाऱ्या माणसाला देवानं नेमका 'हो' ठेवला. पाणी हवं? हो. दिवा मालवू? हो. राहू दे? हो.

इकडं नात वाढत होती. अण्णांनी केलेला जुना गुडघा तोकडा पडला, बाजारातला तिला मानवेना. म्हणून मुलानं स्वतः घडवायला घेतला.

"अण्णा, तुमचंच बघून केलं हो," तो म्हणाला. "तापवलं, बुडवलं, मग लोहार करतात तसं परत मंद आचेवर शेकवलं. पूडसुद्धा विसरलो नाही. मग तुटते कशी?"

अण्णांच्या डोळ्यांतून धार लागली. पूड म्हणजे फळ्याचा खडू होता, कुटलेला. बघ्यांना चकवायला. खरं काम कडी घातल्यावर सुरू व्हायचं. ज्याचा पाय, त्याच्या वजनाचं ओझं स्प्रिंगला टांगायचं आणि ती तशीच ताणलेली शेकत ठेवायची. एवढंच. देवाचं नाव मात्र त्यांनी खडूवर घेतलं होतं.

"चिमूट कमी पडली असेल का?" मुलानं विचारलं. "उद्या दोन टाकू?"

अण्णांनी सगळा जीव ओठांत गोळा केला. मान हलवायला गेले, ती उशीवरच लुडकली. "हो," ते ओरडले. "हो! हो! हो!"

मुलाचा चेहरा उजळला. फळीवरची डबी काढायला तो घाईनं आत गेला.

मंडळी, हात जोडून एक मागणं आहे. देवापुढं बसाल तेव्हा त्या मुलीची आठवण ठेवा. नवी स्प्रिंग बसली की ती पुन्हा जिना चढणार आहे.