चौदा वर्षांच्या मुलीसाठी रायफल

मुलगी चौदा वर्षांची आहे, तिच्या पहिल्या हरणासाठी कुठली रायफल घेऊ, असं अमेरिकेतल्या गिऱ्हाइकानं विचारलं, तेव्हा रायपूरच्या चौबे कॉलनीत सकाळचे पोहे निवत होते. गंधालीनं ताटली बाजूला सारून लॅपटॉप पुढे ओढला. तिकडच्या एका बंदुकीच्या दुकानासाठी ती घरबसल्या चॅटवर उत्तरं द्यायची. रायफल तिनं कधी हातात धरली नव्हती. पण दुकानानं दिलेली माहिती तिला तोंडपाठ होती.

टू-फोर्टी-थ्री घ्या, तिनं इंग्रजीत लिहिलं. गोळी बारीक, खांद्याला धक्का कमी, मुलीला झेपेल. थ्री-नॉट-एटची गोळी मोठी, जास्त भरवशाची; पण तिच्या धक्क्यानं नवखं माणूस बिचकतं.

शेजारी तिचे बाबा, सुशीलराव, मटार सोलत बसले होते. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून लेकीच्या नोकरीत त्यांना भारी रस. त्यांना ठाऊक होती ती फक्त थ्री-नॉट-थ्री, स्टेशनावर शिपायांच्या खांद्याला पाहिलेली. हे आकडे गोळीच्या जाडीचे, हे त्यांनी समजून घेतलं. तिकडचं हरण केवढं असतं, तेही विचारलं. चितळाएवढं, असं कळल्यावर म्हणाले,

"अन् बारीक गोळीनं ते लगेच मरते का?"

"पता नहीं, बाबा."

दुकानाच्या माहितीत ते नव्हतं. गिऱ्हाइकाला उलटे प्रश्न करायचे नाहीत, असा नियमही होता. गंधालीनं तरी बाबांचा प्रश्न त्यालाच विचारला.

पलीकडून लांबलचक उत्तर आलं. नेम चुकला तर नाही मरत. त्याचं स्वतःचं पहिलं हरण पोटात गोळी घेऊन पळालं होतं. तो आणि त्याचे वडील बर्फावरचं रक्त बघत अंधार पडेस्तोवर मागे हिंडले. सापडलं तेव्हा ते मान वर करून त्यांच्याकडेच बघत होतं. म्हणून तर कुठली घ्यावी, हे त्याचं ठरत नव्हतं.

गंधालीनं हे बाबांना सांगितलं. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या पोट्टीले विचारलं का त्यानं, तिले जायचं हाये का म्हणून?"

तिनं तेही लिहिलं, जरा सौम्य करून.

त्यानंतर आलेली ओळ त्या माणसाची नव्हती. मी त्यांची मुलगी, असं लिहिलं होतं. पप्पांनी लॅपटॉप माझ्याकडे दिलाय. मला एकच विचारायचंय. गोळी लागायच्या आधी हरणाला तिचा आवाज ऐकू येतो का?

हे मात्र गंधालीला माहीत होतं. गोळी आवाजाच्या अडीचपट वेगानं जाते. नाही, तिनं लिहिलं, गोळी आधी पोचते. त्याला काहीच कळत नाही, असं पुढे लिहायला घेतलं आणि खोडलं.

सुशीलराव चष्मा लावून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पडद्यावर तीन टिंबं हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. शेवटी एकच शब्द उमटला, 'ओके', आणि लगोलग चॅट बंद झालं.

सुशीलरावांनी वाकून तो शब्द दोनदा वाचला.

"ओके म्हंजे? जाते का नाही जात?"