साहेबांचे ठोके

नाडीचे ठोके मोजणारी, कातडीवर लावायची स्वस्तातली पट्टी वीजवाहक शाईने छापण्यासाठी साहेबांच्या प्रयोगशाळेत तिने तीन वर्षं रक्त आटवलं होतं. आज पाहुण्यांसमोर साहेब छाती फुगवून म्हणाले, "पहिली पट्टी मी माझ्या हाताने छापली." मग चकचकीत छापील बाजू सगळ्यांना दिसेल अशी वर ठेवून त्यांनी पट्टी मनगटावर टेपने चिकटवली. पडद्यावर सरळ रेघ आली. मशीनच्या लेखी साहेब गेले होते.

"बिघडलेली दिलीस का गं?" ते खेकसले.

"नाही साहेब. छापील बाजू कातडीला लागावी लागते. छापणाऱ्याला माहीत असतं ते."

एरवी प्रत्येक पट्टीवर ती ‘ही बाजू आत’ असं छापायची. आजच्या पट्टीवर मात्र आठवणीने विसरली होती.