मोटारीचा टप

"टपाले काय झालं?" पुंजाजीनं विचारलं.

"तेच तं कोणाले समजून नाही राह्यलं," शेषराव म्हणाला. "तुमी हे गाडी चालवली. तुमालेच माहीत असंल म्हणून आलो."

चिखलीत पुंजाजीच्या घरासमोर मोटार उभी होती. शेषरावचे वडील शंकरराव देशमुख वारले आणि त्यांची उघडी विलायती मोटार शेषरावकडे आली. इंजिन त्यानं खामगावच्या मिस्त्रीकडून चालू करून घेतलं. अडलं होतं ते टपाशी. मागच्या सीटमागं दुमडून पडलेला तो कापडी टप वर कसा घ्यायचा आणि त्यात मोडलंय काय, हे सांगणारं कुणी भेटेना. जोर लावला तर सांगाडा तुटेल म्हणून मिस्त्रीनं हात लावला नाही. अकोल्याच्या दुकानदारानं मुंबईला चौकशी केली, तर मोटार बनवणारी कंपनीच बंद पडलेली. शेवटी शेषरावला वडलांचा जुना ड्रायव्हर पुंजाजी आठवला.

टप हवा होता तो आईसाठी. मनकर्णाबाईंनी साठी ओलांडली, तरी देशमुखांच्या घरचा पडदा सोडला नव्हता. एसटीत त्या कधी चढल्या नाहीत. धामणगाव बढ्याला, माहेरी, त्यांचा एकुलता एक भाऊ अंथरुणाला खिळला होता. शेषरावनं न्यायचं म्हटलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "टप निंघाला तं येतो."

टप बिघडलाय, हे घरादाराला पाठ होतं. पावसाळ्यात शंकरराव मोटारीत छत्री उघडून बसत. गावातली माणसं पाठीमागं हसत.

पुंजाजी उठला. सीटमागं कोपरापर्यंत हात घालून त्यानं चाचपलं आणि आतले दोन खटके सोडले. टप उचलला, पुढं ओढला, समोरच्या काचेवर बसवला. कापड घडीवर कडक झालं होतं, पण सांगाडा निमूटपणे उभा राहिला.

शेषरावनं टप हलवून पाहिला. "म्हंजे हा बिघडलाच नोहता?"

"नाही भाऊ."

"मंग बाबा काऊन तसं म्हणत?"

पुंजाजीनं धोतराला हात पुसले. सांगावं की नाही, हे त्याचं ठरत नव्हतं.

"तुमची आजी धामणगावले लय बिमार होती," तो म्हणाला. "सांगावा आला. बाई म्हणल्या, टप लावा अन् मले घेऊन चाला. पण त्याच दिवशी एका वकिलाच्या पोराची वरात होती. मालकानं गाडी कबूल केली होती. नवरदेव उघड्या गाडीत मिरवणार, सारी चिखली पाह्यणार. मालक आत गेले अन् बाईले म्हणले, टप बिघडला."

त्या दिवशीचं शेषरावला अंधुक आठवत होतं. बैलांची दमणी, तिच्यावर टाकलेला जाड पडदा, आत आईच्या मांडीवर तो. त्यांची दमणी धामणगावात शिरली तेव्हा लोक अंत्यविधी आटोपून नदीवरून परत येत होते.

"अन् तुमी?"

"मी वरातीत. गाडी चालवत होतो." पुंजाजीनं मान खाली घातली. "मंग मालकानं टप कधीच लावला नाही. लावला असता तं बाईनं पाह्यला असता ना."

परतीच्या वाटेवर शेषरावनं मोटार दोनदा थांबवली. आईला काय सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं. वडील गेले तेव्हा ती रडली नव्हती. सगळे विधी तिनं कोरड्या डोळ्यांनी पार पाडले होते. आता हे कळलं तर तिला नवऱ्याचं नावही नकोसं होईल, असं त्याला वाटलं.

मोटार दारात आली. मनकर्णाबाई पदर सावरत ओट्यावर आल्या. टप बघून जागीच थांबल्या. मग खाली उतरल्या आणि कापडावरून हात फिरवत मोटारीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेल्या.

"काय झालं होतं त्याले?"

"सांगाडा गंजून जाम झाला होता, माय," शेषराव म्हणाला. "खालून ठोकून काढा लागला. बाबाच्यानं तो निंघालाच नसता."

"खरंच बिघडला होता?"

"हाव."

मनकर्णाबाईंनी मोटारीचं दार धरलं. शेषरावला वाटलं, आईच्या मनातली जुनी अढी सुटली. बरं झालं.

"अन् मी जन्मभर त्याह्यले खोटं समजत राह्यली," त्या म्हणाल्या. "शेषराव, जीव जाताना ते मले हाका मारत होते, काहीतरी सांगाचं हाय म्हणून. मी चुलीपुढून उठली नाही."