वकिलाचा उजवा हात

"आधी माणसाला बोलू दे. कागद काही पळून जात नाहीत," वकीलबाई म्हणाल्या. तिने उघडलेली फाइल निमूट मिटली.

शिकाऊ पॅरालीगल म्हणून ती नुकतीच रुजू झाली होती. अभ्यासक्रमाची माहिती नवऱ्यानेच काढली होती. "किती दिवस चूल आणि मूल? वकील नाही, तर वकिलाचा उजवा हात तरी हो," असा त्याने धोशाच लावला. पास झाल्यावर बाईंकडे शब्द टाकला, तोही त्यानेच.

काम तिला मानवलं. पक्षकाराची हकीकत टिपायची, पुरावे जुळवायचे, कच्चा मसुदा करायचा. बाईंनी तो लाल शाईने रंगवला की पुन्हा करायचा. निघायला उशीर व्हायचा. जीव मात्र पहिलीतल्या लेकीत, चिमणीत अडकलेला.

"तू बिनघोर थांब. मी आहे ना!" नवरा म्हणायचा.

आणि तो होताच. शाळा, डॉक्टर, पालकसभा, सगळं त्याने अंगावर घेतलं. सासूबाई नातीला आपल्या कुशीत झोपवू लागल्या. मैत्रिणी म्हणाल्या, "नशीब काढलंस गं!"

एकदा जेवताना चिमणीने तिच्या हातचा घास घेतला नाही. "बाबाच भरवणार!"

तिने घास ताटात परत ठेवला. "सोडू का रे नोकरी?"

"वेडी आहेस का? आत्ता कुठे पाय रोवतेयस."

तिचे डोळे भरून आले. दिवा घेऊन शोधला तरी असा नवरा मिळाला नसता.

मग एक दिवस, ऑफिसात पाऊल टाकते न टाकते तोच, बाई म्हणाल्या, "चल, आज कोर्टात माझ्याबरोबर उभी राहा."

फाइली छातीशी धरून ती कौटुंबिक न्यायालयाचा जिना चढली. वर बाकावर नवरा बसला होता. आपलं कौतुक बघायला आला! ती जवळजवळ धावलीच. "अरे, तुला कुणी सांगितलं?"

शेजारच्या काळ्या कोटातल्या गृहस्थांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि ते त्याच्याकडे वळले.

"दिवसभर घराबाहेर असते म्हणालात, ती आई हीच का? मुलीचा ताबा हिच्याकडूनच मागायचाय ना?"

"हो," नवरा म्हणाला. "हीच."