काठोकाठ प्याली

फरगाण्याच्या उन्हात होसियतखालाच्या अंगणातलं कारंजं बघून पाटाचं पाणी वाटणारा पाटकरी सोबिर म्हणाला, “गल्लीतली झाडं सुकतायत खाला, इथे पाणी नाचतंय. तुमच्या जर्दाळूंची पाण्याची पाळी बंद.” मानाच्या पाहुण्याला देतात तसा खालाने प्यालीत घोटभरच चहा ओतला. “द्राक्षं धुतलेलं पाणी ते. सोलरवर चार दिवस तेच फिरतंय. पाटाची नळी सापडली तर दाखव.” सोबिर वाकला, सोलरच्या काचेवर सावली पडली, कारंजं थांबलं. “बघा, तोटी बंद केलीत.” “ऊन तू अडवलंस, शहाण्या. सरक.” तो सरकला, पाणी उसळलं. “तरी लोक बोलतात.” “मोहल्लाप्रमुखाच्या हौदावर दिवसभर मोटर चालते, तिथे लोकांची दातखीळ बसते?” नकोशा पाहुण्याला भरतात तशी खालाने प्याली काठोकाठ भरली. सोबिरचे कान लाल झाले. उठताना म्हणाला, “शुक्रवारी पाळी तुमचीच, खाला.” “मग शुक्रवारी ये. घोटभर देईन.”